काकूने न पाहिलेला सिनेमा

मी घर सोडलं त्या दिवशी मला मुंबईपर्यंत सोडायला कोणी आलं नाही, कारण कोथिंबीर उपटून झाली होती. एकदा उपटली की ती थांबत नाही. दुपारी जुड्या बांधून संध्याकाळच्या लिलावाला पोचली नाही, तर तिला कोणी विचारत नाही. विमान काय, आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या मते ते रोजच जातं. त्यामुळे एकलहऱ्याजवळच्या आमच्या मळ्यातून भाजीच्या पिकअपमध्येच माझ्या दोन बॅगा टाकल्या. ओल्या गोणपाटाचं पाणी लागू नये म्हणून आईने त्यांना प्लास्टिक गुंडाळलं, आणि पुढे भाऊ प्रवीण, मी आणि काकू असे तिघं दाटीवाटीने बसून नाशिकच्या द्वारका चौकात आलो. तिथून मुंबईची गाडी मिळणार होती. माझा नवरा नितीन सहा महिने आधीच मेलबर्नला गेला होता.

द्वारकेला नेहमीसारखी कोंडी होती. मागचे हॉर्न वाजवून वाजवून प्रवीणला हैराण करत होते, त्यामुळे आमचा निरोप जेमतेम दोन मिनिटांत उरकला. आई घरीच म्हणाली होती, पोचली की फोन कर. आप्पा म्हणाले होते, कागदपत्रं हातातल्या बॅगेत ठेव. काकू दिवसभर गप्प होती, ती गाडीतून उतरताना माझा हात धरून म्हणाली, "नव्या ठिकाणी कोणी काही इचारलं तर गप नको बसू, सुजे. काहीतरी बोल. गप बसलेल्या बाईला लोक येडी समजतात." मला वाटलं ही माझ्या इंग्रजीची काळजी करतेय. मी हसून मान हलवली आणि बॅगा ओढत निघाले.

याला अकरा वर्षं झाली. तुमच्यापैकी जे तिकडेच राहिले त्यांना वाटत असेल, आता ही चांगली रुळली असेल. आणि जे माझ्यासारखे निघून आले त्यांना विचारायचीही गरज नाही. रुळलेय, म्हणजे पहाटे गजर लावायची आता गरज पडत नाही, रांगेत कुणाच्या अंगाला अंग लागू न देता उभी राहते, आणि 'कशी आहेस' विचारलं की दमलेली असले तरी 'गुड, थँक्स' म्हणते. एवढंच रुळणं. बाकी वेळ मी दमलेलीच असते.

कामाचंही आताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी बी. फार्म. आहे. नाशिकरोडला एका मेडिकलच्या दुकानात चार वर्षं काउंटर सांभाळला. आप्पा गावभर 'आमची मेडिकलवाली' म्हणून सांगायचे. इथे आल्यावर तीच पदवी पुन्हा सिद्ध करायची होती. कागद पाठवा, कागदाचा कागद पाठवा, परीक्षा द्या. मी दोनदा नापास झाले आणि तिसऱ्यांदा फॉर्म भरायचं बळ उरलं नव्हतं. तोवर एका वृद्धाश्रमात काम मिळालं होतं, तेच पुढे चालू राहिलं. सकाळी सात ते तीन मी सात-आठ आजी-आजोबांना उठवते, आंघोळ घालते, कपडे चढवते, भरवते. काम वाईट नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते चांगलं जमतं. पण पहिल्या वर्षी आप्पांनी फोनवर विचारलं तेव्हा मी म्हणाले, हॉस्पिटलात औषधांचं बघते. एकदाच म्हणाले. पुढचं सगळं काम आप्पांनी केलं. चहाच्या टपरीपासून मार्केटपर्यंत त्यांनी ते इतक्या वेळा सांगितलं, की मला मागे फिरायला जागाच उरली नाही.

आता तो खेळ. आमच्या घरात त्याला नावच नव्हतं. दुपारी जेवणं झाली की शेडमध्ये कोथिंबिरीचा ढीग मधोमध ठेवून सगळे गोल बसायचे, भिजवलेल्या सुतळीचे तुकडे मांडीवर घ्यायचे, आणि काका म्हणायचे, "चला, लावा." म्हणजे सिनेमातली दोन माणसं सांगायची आणि एकाला दुसऱ्यापर्यंत जोडत न्यायचं. हा ह्याच्याबरोबर अमक्या सिनेमात होता, तो तिच्याबरोबर तमक्यात, ती आणखी कोणाबरोबर, असं करत पोचायचं. नियम एकच, हातातली जुडी बांधून होईपर्यंत उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर उठून सगळ्यांचा चहा करायचा. काका जुडी सावकाश बांधायचे आणि आई त्यांना चोर म्हणायची.

नटांची नावं इथे लिहीत नाही, कारण आमच्याकडे ती माणसं नावाने ओळखली जातच नसत. एक होता पांढऱ्या बुटांचा. हिंदीतला खलनायक, कुठल्याही चिखलातून चालत आला तरी त्याचे बूट पांढरेच. एक होती हुंदकेवाली, मराठी सिनेमांतली, जिला लेखकांनी सुखाचा दिवस कधी दिलाच नाही. एक दर सिनेमात मरणारा धाकटा भाऊ होता, एक टकला इन्स्पेक्टर होता. मोठी झाल्यावर मला कळलं की या लोकांना खरी नावं आहेत, पण तोवर उशीर झाला होता. आजही मला पांढरे बूटच आठवतात.

खेळातली खरी अडचण एकच होती. मराठी माणसं मराठीत अडकायची आणि हिंदी हिंदीत, मधे जायला वाट सापडायची नाही. ती वाट काकूने आणली. काकू सटाण्याकडची. ती लग्न होऊन आली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ती 'आहे'च्या जागी 'शे' म्हणायची आणि आमचे काका, म्हणजे तिचा नवराच, तिची नक्कल करायचे. त्यामुळे ती बोलायचंच टाळायची. एका दुपारी हुंदकेवालीपासून पांढऱ्या बुटांपर्यंत जायचं होतं आणि सगळे अडकले. काकूची पाळी आली. तिने जुडीला शेवटची गाठ मारता मारता खाली मान घालून सांगितलं, की ते दोघं एकाच पिच्चरमध्ये होते. 'दिंडोरीची पाठराखीण'. सटाण्याच्या यात्रेत तंबूत पाहिला होता म्हणे.

नवरीच्या सोबतीला तिच्या सासरी जाते ती पाठराखीण. काकूच्या सिनेमात नवरी वाटेतच आजारी पडते, आणि ती बरी होईपर्यंत पाठराखीण तिचा शालू नेसून तिच्या जागी सासरी राहते. घरात कोणाला पत्ता लागत नाही. पांढऱ्या बुटांच्या सावकाराला तेवढा संशय असतो आणि हुंदकेवाली ती नवरी. ही गोष्ट आम्ही किती वर्षं ऐकली त्याला गणती नाही. आई रोज विचारायची, मग पुढं काय झालं, आणि काकू रोज थोडं पुढे न्यायची. त्यात विहीर आली, हरवलेली जोडवी आली, एक आंधळा आजेसासरा आला जो आवाजावरून सगळं ओळखतो आणि तरी बोलत नाही. खेळात तर तो सिनेमा आमचा पूलच झाला. मराठीतून हिंदीत जायचं की पाठराखीण. तीस वर्षं आम्ही सगळे त्या पुलावरून येत-जात राहिलो.

मागच्या वर्षी आमच्याच ओळखीतल्या एका पुण्याच्या जोडप्याकडे शनिवारची पार्टी होती. सौरभ आणि मृणाल, माणसं चांगली आहेत. पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचा, म्हणून मी कोथिंबीर वडी नेली होती. इथल्या कोथिंबिरीला ना वास ना चव, तरी मी दर वेळी वडीच करते आणि लोक दर वेळी 'ऑथेंटिक' म्हणतात. जेवण झाल्यावर सौरभने टीव्हीवर एक खेळ लावला. दोन नट दिसणार आणि दोन टीमनी आळीपाळीने त्यांना सिनेमांनी जोडायचं. तो इंग्रजीत नियम समजावून सांगत होता आणि मी सोफ्यावर बसून लहान मुलासारखी हसत होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला असं काही विचारणार होतं जे मला कागदाशिवाय येत होतं.

मी दोन फेऱ्या जिंकून दिल्या. नावं आठवत नसत तेव्हा मी 'तो मरणारा भाऊ' म्हणायची आणि बाकीचे हसत हसत नाव सांगायचे. शेवटच्या फेरीत पडद्यावर एका बाजूला मराठीतली एक जुनी आई आली आणि दुसऱ्या बाजूला हिंदीतला एक नाचरा हिरो. माझी पाळी होती. मी घाई न करता, अगदी काकांच्या थाटात, हुंदकेवालीवरून पाठराखीण आणि पाठराखीणवरून पांढरे बूट असा पूल टाकला.

सौरभने फोनवर शोधलं. मग मृणालने शोधलं. मग आणखी दोघांनी. असा सिनेमाच नव्हता. सौरभ म्हणाला, नाव वेगळं असेल. मी म्हटलं, नाही, हेच आहे. मग मी गोष्ट सांगू लागले. शालू, विहीर, जोडवी, आंधळा आजेसासरा. माझा आवाज चढत गेला आणि खोलीतला आवाज उतरत गेला. कोणीतरी अगदी हळू म्हणालं की त्या दोघांनी एकत्र कामच केलेलं नाही. नितीनने माझ्या पाठीवर हात ठेवला. एवढ्याशा खेळासाठी मी रडायच्या बेतात आले होते, आणि मला त्याची लाजही वाटत होती आणि रागही येत होता. पदवी आहे म्हटलं तर पुरावा द्या, अनुभव आहे म्हटलं तर इथला नाही, आणि आता लहानपणी ऐकलेला सिनेमाही यांच्या यादीत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी नेहमीसारखा व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपार होती, फोन पाण्याच्या कळशीला टेकवून ठेवलेला होता आणि सगळे जुड्यांना बसलेले. आप्पा, आई, काका, प्रवीण, काकू, शिवाय शेजारच्या मळ्यातल्या दोन बायका मदतीला आलेल्या. मी राग काकूवर काढला. सरळ विचारलं, की तुझा पिच्चर जगात कुठेच नाही, काल मी सगळ्यांसमोर तोंडावर आपटले, तू तो खरंच पाहिलास का?

काकूच्या हातात अर्धी जुडी होती. तिने ती खाली ठेवली.

"नव्हता," ती म्हणाली. "कधी नव्हताच तसला पिच्चर."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. बायको तीस वर्षं आपल्याला गंडवत होती याचं त्यांना कौतुकच वाटलं असावं. प्रवीणही हसला, शेजारणीही हसल्या, आणि दहा हजार किलोमीटरवर मीही हसले. माझा राग उतरला होता. फोन ठेवला तेव्हा मला वाटलं, चला, एक गंमत झाली.

गंमत पुढे चालूच राहिली. काकूने काहीही सांगितलं की काका विचारायचे, हे पाहिलंस का पाठराखीणमधलं? डॉक्टरांनी अमुक गोळी बंद करायला सांगितली म्हणाली, तर प्रवीणने दवाखान्यात फोन करून खात्री केली. विहिरीचं पाणी खाली गेलंय म्हणाली, तर कोणीतरी उठून बघून आलं. शेजारणींनी ती गोष्ट पार एकलहऱ्याच्या बाजारापर्यंत नेली. प्रवीण मला हे फोनवर हसत हसत सांगायचा, मग हळूहळू हसणं कमी झालं. एकदा म्हणाला, काकू हल्ली जुड्यांना बसतच नाही. सकाळी उपटून देते आणि दुपारी पलीकडच्या बांधावर एकटी जाऊन बसते. खेळ तर त्या रविवारनंतर कोणी लावलेलाच नव्हता.

माझी झोप उडाली असं म्हणणार नाही, या कामानंतर झोप येतेच. पण एखाद्या आजींचे केस पुसताना मध्येच हात थांबायचा. आमची आजी अंथरुणाला खिळली होती तेव्हा चार वर्षं तिचं सगळं काकूने केलं. त्या घरात तिची किंमत तिच्या कामावर होती हे खरं, पण तिचा शब्द ऐकला जायचा तो त्या गोष्टीमुळे. दुपारी सगळे तिच्याकडे तोंड करून बसायचे. ते मी एका फोनमध्ये मोडून टाकलं होतं, आणि ते फोनवर परत जोडता येणार नव्हतं. डिसेंबरच्या सुरुवातीला तीन आठवड्यांची रजा होती. लेकीच्या शाळेमुळे नितीन आणि ती मागे थांबले, मी एकटीच गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी काकूबरोबर कोथिंबीर उपटायला गेले. थंडी होती, वाफ्यात पाणी दिलेलं होतं, आणि एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी धुक्यात अर्धीच दिसत होती. माझी पाठ तिच्याआधी भरून आली. मग मी म्हणाले की माझं चुकलं. ती उपटतच राहिली.

मग तिने सांगितलं. तिच्या वडिलांना सिनेमा चालायचा नाही, लग्नापर्यंत तिने एकही पाहिला नव्हता. तिने पाहिली होती ती सटाण्याच्या स्टँडसमोरच्या भिंतीवरची पोस्टरं. तिथे जुन्यावर नवं चिकटवायचे. एकदा वरचं पोस्टर कमरेपर्यंत फाटलं होतं आणि खालच्यातला चेहरा दिसत होता. वर रडणारी बाई आणि खाली पांढरे बूट. शाळेत जाता-येता ती ते वर्षभर बघत होती. तिला वाटायचं हा एकच पिच्चर आहे, आणि ही बाई त्या बुटांना भिऊन रडतेय. त्या दुपारी आमच्या घरात तिने खोटं सांगितलं नव्हतं, जे पाहिलं तेच सांगितलं. फक्त नाव माहीत नव्हतं, ते तिने बनवलं, आणि कुठे पाहिला म्हणून यात्रेतला तंबू जोडला. मग आईने गोष्ट विचारली.

"मग खरं कळलं कधी?" मी विचारलं.

दुसऱ्याच वर्षी, ती म्हणाली. टीव्हीवर त्या बाईचा तो मूळ पिच्चर लागला, त्यात बूट नव्हते. पण तोवर पाठराखीण विहिरीपर्यंत आली होती.

"तेव्हाच सांगायचं ना."

"कोणाला सांगू? तुझी आई रोज इचारायची, पुढं काय झालं. मला या घरात दुसरं काही कोणी इचारतच नव्हतं."

मी पुन्हा माफी मागू लागले तसं तिने हातातला झुपका मुळांवरची माती झटकून खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "पिच्चर नव्हता हे इचारलं त्याचं काय नाय, सुजे. समद्यांपुढं इचारलंस. मी तुला कधी समद्यांपुढं इचारलं का?"

"काय?"

"तिकडं काय काम करती ते."

काकू आता आमच्यासारखंच बोलते. फार दमली किंवा फार चिडली तरच तिची बोली वर येते. ती अगदी हळू म्हणाली, "माले समदं ठाऊक शे."

मग तिने मोजून सांगितलं. फोनवर बोलता बोलता मी उठते तेव्हा आधी कमरेला हात लावते, मग गुडघ्याला. दिवसभर वाकून दुसऱ्याचं वजन उचलणारी बाई अशी उठते, औषधं देणारी नाही. आणि नखं. इतकी बारीक नखं कोण काढतं? जिला दुसऱ्याचं अंग पुसायचं असतं ती. आजीचं करत होती तेव्हा तिचीही तशीच होती. चार-पाच वर्षांपूर्वीच तिच्या लक्षात आलं होतं. आप्पा लोकांना माझ्या हॉस्पिटलचं सांगत असायचे तेव्हा ती तिथेच बसलेली असायची.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस. "तुझा पिच्चर हाय," ती म्हणाली. "तू दाखवशील तेवढा बघायचा." आणि पुन्हा उपटायला लागली.

मी त्या वाफ्यात उकिडवी बसून रडले. अकरा वर्षांत इतकं मोकळं रडले नव्हते. कोणाला दिसू नये म्हणून इतकी वर्षं जे रडायचं राहिलं होतं, तेही रडून घेतलं. काकूने मला थांबवलं नाही की जवळही घेतलं नाही. माझ्या वाटची ओळ तिनेच उपटून टाकली.

त्या दुपारी शेडमध्ये आम्ही सगळे जुड्यांना बसलो. काकू नव्हती, ती बांधावर होती. शेजारच्या त्या दोघी होत्या, आणि त्या असाव्यात असंच मला वाटत होतं. कोणी विचारायच्या आत मी सांगितलं, की आप्पा, मी हॉस्पिटलात नाही. मी औषधांचं बघत नाही, परीक्षेत दोनदा नापास झाले. मी म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालते, त्यांचे कपडे बदलते, त्यांना भरवते. दहा वर्षं तेच करतेय. मी तुम्हाला खोटं सांगितलं.

आईचे हात थांबले. प्रवीण माझ्याकडे बघायचं टाळू लागला. आप्पांनी हातातली जुडी बांधून पूर्ण केली, ढिगावर ठेवली आणि दुसरी घेतली. मी म्हणाले, काकूला हे चार वर्षांपासून माहीत आहे. मी तिचं सगळ्यांसमोर उघडं पाडलं, आणि तिने माझं एका शब्दाने कोणाला कळू दिलं नाही.

मग काका उठले. मला वाटलं चिडून निघाले. ते सरळ बांधापर्यंत चालत गेले. तिथे काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही, आणि काकूनेही नंतर कधी सांगितलं नाही. थोड्या वेळाने दोघं परत आले. काकूची पाटी काकांच्या हातात होती. आईने सरकून जागा दिली आणि काकू तिच्या शेजारी बसली. खेळ त्या दिवशीही कोणी लावला नाही. पण सगळ्या जुड्या होईपर्यंत ती उठली नाही.

आप्पा माझ्याशी बोलले नाहीत. चिडलेत, दुखावलेत की नुसतेच दमलेत, काही कळेना. त्यांचं वय झालंय हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं, कारण इतकी वर्षं मी त्यांच्याकडे बघत होते ती घाबरतच. मला वाटलं, आता गावात त्यांना मान खाली घालायला लागेल, आणि ते माझ्यामुळे. आईने मला गरम भाकरी वाढली आणि म्हणाली, जेव, वाळलीस. एवढंच. पण जायचे दिवस जवळ येत होते आणि आप्पांचं मौन घेऊन मला परत जायचं नव्हतं.

जायच्या आधीच्या संध्याकाळी ते पिकअपमध्ये बसले आणि मला म्हणाले, चल मार्केटात. मार्केटात आमची गाडी लागली, जुड्या खाली उतरल्या, आणि ओळखीचे एक व्यापारी आले. आप्पांच्याच वयाचे. त्यांनी एक जुडी उचलून पात बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ही ती ऑस्ट्रेलियातली मेडिकलवाली पोरगी ना? मी कुठे बघावं ते न कळून जमिनीकडे बघायला लागले.

"मेडिकलवाली नाय," आप्पा म्हणाले. मोठ्याने म्हणाले, आजूबाजूचे दोन-चार जण वळले. "तिकडं म्हाताऱ्या माणसांना न्हाऊ घालती, खाऊ घालती. आमच्या आईचं धाकट्याच्या बायकोनं चार वर्षं केलं, तसलं काम. लय कष्टाचं काम हाय."

व्यापाऱ्यांनी मान हलवली, पुण्याचं काम म्हणाले, आणि पुढच्या जुडीला हात घातला. आप्पा त्यांच्याशी मालाविषयी बोलायला लागले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही, पण मी गाडीला टेकून उभी होते तिथे त्यांनी हाताने थोडी जागा साफ केली आणि मला बसायची खूण केली.

मी आता परत मेलबर्नला आहे. उद्या सकाळी सातला शिफ्ट आहे आणि पाठ आजही दुखतेय. दमणं काही संपलेलं नाही, ते संपेल असंही वाटत नाही. पण घर म्हणजे काय, असं मी स्वतःला बरेचदा विचारायची, ते आता विचारत नाही. अकरा वर्षांत मी नाशिकला पाच वेळा गेले. पहिल्या चार वेळा आप्पांच्या घरी त्यांची मेडिकलवाली येऊन राहून गेली. पाचव्या वेळी मी गेले.